मुंबईचे पोलीस आणि शहराचा हक्क

एखादे शहर वाढते, तिथे दोन-तीन गाजलेले खून होतात, एखादी मिरवणूक हाताबाहेर जाते आणि मग त्या शहरासाठी स्वतंत्र पोलीस आयुक्तालयाची मागणी सुरू होते. पुण्याला 1965 साली आयुक्तालय मिळाले, पिंपरी-चिंचवडला 2018 साली आणि मीरा-भाईंदर, वसई-विरारला 2020 साली. त्याच वर्षीच्या जानेवारीत उत्तर प्रदेशाने लखनौ व गौतम बुद्ध नगरात ही पद्धत आणली आणि 2021 च्या अखेरीस मध्य प्रदेशाने भोपाळ व इंदूरमध्ये. प्रत्येक वेळी घोषणा करणारे मंत्री तिला आधुनिक म्हणतात आणि वर्तमानपत्रेही तसेच छापतात. प्रत्यक्षात ही पद्धत 1856 सालची आहे. कंपनी सरकारची जी तीन मोठी बंदरे होती, त्या मुंबई, कलकत्ता व मद्रास या शहरांसाठी ती आखली गेली. व्यवस्था जुनी आहे एवढ्याने ती वाईट ठरत नाही. आपली न्यायालयेही जुनीच आहेत. परंतु ज्या काळात ती घडली त्या काळात शहराने पोलिसांचा खर्च सोसायचा, हुकूम पाळायचे आणि प्रश्न मात्र विचारायचा नाही, असा तिचा पाया होता. तो पाया आपण कधी तपासला नाही. नव्या शहरांत तोच साचा न्यायचा असेल, तर त्यातली ही जुनी उणीव आधी भरून काढली पाहिजे, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे, आणि त्यासाठी मुंबईचाच इतिहास पुरेसा आहे.

मुंबईच्या पोलिसांची सुरुवात सतराव्या शतकातल्या भंडारी दलापासून मानली जाते. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरने सुमारे 600 भंडाऱ्यांचे दल उभे केले आणि माहीम, शिवडी व शीव येथे सुभेदारांच्या हाताखाली ते ठेवले. नारळी-माडांच्या वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या, बेटावरच्या वाटा-पायवाटा ठाऊक असणाऱ्या लोकांचे हे दल होते. त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्याचे अधिकार, शिस्त आणि वेतन सगळेच तुटपुंजे होते. तरी ते ज्या वस्तीची राखण करत होते तिथलेच होते, आणि पुढच्या अडीचशे वर्षांत मुंबईच्या पोलीस व्यवस्थेविषयी असे म्हणण्याची वेळ फारशी आली नाही.

बंदरातला व्यापार वाढला तसे कंपनीने पोलिसांवर गोरा अधिकारी नेमला. जेम्स टॉड हा त्यांतला पहिला ठळक माणूस. त्याच्यावर 1790 साली लाचखोरीचा खटला झाला आणि त्याला काढून टाकण्यात आले. 1793 च्या कायद्याने शहराचा कारभार जस्टिस ऑफ द पीस मंडळींकडे गेला. रस्ते झाडणे, पहारा ठेवणे, दारूचे परवाने देणे आणि त्यासाठी कर बसवणे ही सगळी कामे याच मंडळींच्या अखत्यारीत आली. पुढे चार्ल्स ब्रिस्को पोलिसांचा प्रमुख झाला आणि टॉडनंतर बरोबर वीस वर्षांनी, 1810 साली, त्याच्यावरही तसाच खटला भरला गेला. त्या काळात मुंबईचा रेकॉर्डर म्हणजे मुख्य न्यायाधीश असलेला सर जेम्स मॅकिन्टॉश हा पोलिसांच्या अनिर्बंध अधिकारांवर कडाडून टीका करत असे. पकडणारा, शिक्षा ठरवणारा आणि ती अंमलात आणणारा एकच माणूस असेल तर दुसरे काय होणार, हा त्याच्या टीकेचा गाभा होता. या दोन खटल्यांतून दोन माणसे बदलली गेली. एकाच हाती इतका अधिकार देणारी रचना पुढेही सुटली नाही.

ही रचना लोकांना कशी दिसत होती, हे पाहायचे असेल तर जून 1832 मधला कुत्र्यांचा दंगा पाहावा. भटक्या कुत्र्यांना मारण्यासाठी सरकारने पोलिसांना प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे इनाम लावले होते. इनामाच्या लोभाने शिपाई घरांच्या आवारातली, पाळलेली कुत्रीही मारू लागले. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक महत्त्व आहे. कोटातल्या, म्हणजे आजच्या फोर्ट भागातल्या, पारशांनी शिपायांना चोपले, दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला, इतर समाजांतले लोकही त्यात सामील झाले आणि कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीला जाणारी रसद अडवली गेली. शेवटी सैन्य आले आणि धरपकड झाली. मुंबईतला हा पहिला मोठा हरताळ मानायला हरकत नाही, आणि तो पोलिसांविरुद्ध होता. सरकारला मोठा धक्का बसला तो या गोष्टीचा की, बंदराच्या व्यापाराचा कणा असलेला, कंपनीशी सर्वांत जवळचा मानला जाणारा समाजच रस्त्यावर उतरला होता. त्या समाजाला आपले म्हणणे मांडण्यासाठी शहराच्या कारभारात दुसरी जागा नव्हती, हे मात्र कोणाला फारसे खटकले नाही.

1855 साली चार्ल्स फोर्जेट पोलिसांचा प्रमुख झाला. भारतातच जन्मलेल्या, इथल्या भाषा अस्खलित बोलणाऱ्या आणि वेषांतर करून वस्त्यांतून हिंडणाऱ्या या अधिकाऱ्याच्या कथा मुंबईत पुष्कळ काळ सांगितल्या जात. त्याने खात्यातली लाचखोरी खरोखर कमी केली, हे त्याचे श्रेय नाकारता येत नाही. 1857 च्या उठावाच्या काळात सोनापूरजवळ लष्करातल्या शिपायांच्या गुप्त बैठका होत असल्याचा सुगावा त्यानेच लावला आणि 15 ऑक्टोबर 1857 रोजी सय्यद हुसेन व मंगल गाडिया या दोघांना तेव्हाच्या एस्प्लनेडवर, म्हणजे आजच्या आझाद मैदानाच्या परिसरात, तोफेच्या तोंडी देण्यात आले. त्यानंतर शहरातल्या देशी व्यापाऱ्यांनी पैसे गोळा करून फोर्जेटला थैली अर्पण केली. व्यापाऱ्यांची कृतज्ञता समजण्यासारखी आहे. गोदामे लुटली जाण्याची धास्ती त्यांना होती. पण पोलीस प्रमुखाला शाबासकी देण्याची वेळ आली तेव्हा ती देणारे कोण होते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. कारण नाखुशी व्यक्त करण्याचा मार्ग मात्र त्यांच्याकडेही नव्हता, मग हमाल, खलाशी आणि गोदीतल्या मजुरांची काय कथा?

याच काळात, 1856 च्या कायद्याने, तिन्ही इलाखा शहरांत पोलीस आयुक्त हे पद आले. मुंबईत फ्रँक सूटर 1864 मध्ये पहिला आयुक्त झाला आणि 1888 पर्यंत, तब्बल चोवीस वर्षे, त्या पदावर राहिला. आजच्या आयुक्तांच्या बदल्या पाहता हा आकडा स्वप्नवत वाटेल. देशाच्या उरलेल्या भागात 1861 च्या कायद्याने जिल्हा पोलीस आले. तिथे पोलीस अधीक्षकाच्या डोक्यावर जिल्हा दंडाधिकारी ठेवला गेला. मुंबईत मात्र आयुक्त थेट सरकारला जबाबदार राहिला आणि दंडाधिकाऱ्याचे काही अधिकारही त्याच्याच हाती आले. नमुना होता लंडनचा. 1829 साली स्थापन झालेले लंडनचे पोलीस दल तिथल्या कोणत्याही नगरसंस्थेला नव्हे, थेट गृहमंत्र्याला उत्तर देत असे. पण त्याच इंग्लंडमध्ये दुसराही नमुना चालू होता. 1835 च्या कायद्यानंतर लिव्हरपूल आणि मँचेस्टरसारख्या शहरांत निवडून आलेल्या नगर परिषदेची ‘वॉच कमिटी’ पोलिसांची नेमणूक व देखरेख करत असे. लिव्हरपूल हेही बंदरच होते, मुंबईचा बराचसा कापूस जाऊन पडायचा तोही तिथेच. कापूस ज्या बंदरात उतरायचा तिथल्या करदात्याला पोलिसांविषयी बोलण्याचा हक्क होता. तो जिथे चढवला जायचा तिथल्या करदात्याला नव्हता. दोन्ही नमुने समोर असताना वसाहतीसाठी कोणता निवडला गेला, यात योगायोग शोधण्याची गरज नाही.

या सगळ्यात सर्वांत बोलका भाग पैशाचा आहे, आणि तोच सर्वांत कमी सांगितला जातो. 1864 च्या गणनेत मुंबईची लोकसंख्या 8,16,562 भरली. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचा भाव गगनाला भिडला होता, माणसांचे लोंढे येत होते, आणि एवढ्या शहराला पोलीसही वाढवावे लागणार होते. त्यांचा खर्च कोणी द्यायचा? 1865 च्या कायद्याने नगरपालिकेची नवी रचना झाली आणि पोलिसांच्या खर्चाचा मोठा वाटा नगरपालिकेच्या तिजोरीतून जाऊ लागला. पोलिसांची संख्या किती असावी, त्यांना पगार काय द्यावा, त्यांचा प्रमुख कोण असावा, हे ठरवणार सरकार. पैसे देणार घरपट्टी भरणारा मुंबईकर. पुढची चाळीस वर्षे नगरपालिका आणि सरकार यांच्यात या बिलावरून वाद चालू राहिला. ज्या दलावर आमचा अधिकार नाही त्याचा खर्च आमच्या माथी का, असा नगरपालिकेचा युक्तिवाद होता आणि तो बिनतोड होता.

त्या युक्तिवादातून दोन निष्कर्ष निघू शकत होते. पैसे देतो तर अधिकार द्या, हा एक; अधिकार देत नसाल तर पैसे मागू नका, हा दुसरा. 1907 च्या कायद्याने दुसरा स्वीकारला गेला. सरकारने पोलिसांचा सगळा खर्च आपल्याकडे घेतला आणि त्या बदल्यात प्राथमिक शिक्षण, वैद्यकीय मदत व देवी काढण्याचे, म्हणजे लसीकरणाचे, काम पूर्णपणे महापालिकेकडे दिले. आज मुंबई महापालिका इतर शहरांच्या मानाने एवढी मोठी रुग्णालये आणि एवढ्या शाळा चालवते, त्यामागे या जुन्या देवघेवीचाही हात आहे. शाळा आणि दवाखान्यांच्या दृष्टीने शहराला या सौद्यात काही वाईट मिळाले नाही, असे मला वाटते. परंतु त्याच कलमाने पोलिसांच्या बाबतीत शहराचा उरलासुरला आवाजही संपला. तोवर निदान बिलावर भांडण्याच्या निमित्ताने नगरसेवक पोलिसांविषयी सभागृहात बोलत तरी होते. 1907 नंतर तेही निमित्त उरले नाही. आज महापालिकेच्या सभेत खड्ड्यांवर, पाण्यावर, डासांवर तासन्‌तास चर्चा होते, पण एखाद्या पोलीस ठाण्यात तक्रारच नोंदवून घेत नाहीत यावर होत नाही, कारण तो त्या सभेचा विषयच नाही. याला आपण इतके सरावलो आहोत की, तो विषय तिथे का नसावा असा प्रश्नही कोणाला पडत नाही.

अधिकाराची बाजू याच दशकात आणखी जड झाली. 1902 च्या मुंबई शहर पोलीस कायद्याच्या कलम 27 ने एखाद्या माणसाला शहराबाहेर काढण्याचा अधिकार आयुक्ताला दिला. कोणत्याही न्यायालयात गुन्हा सिद्ध न होता, केवळ आयुक्ताच्या समाधानावर माणूस तडीपार होऊ शकत होता. 1908 साली टिळकांना सरदारगृहात अटक झाली, तेही पोलीस आयुक्तालयाच्या इमारतीच्या अगदी समोर, क्रॉफर्ड मार्केटजवळ. 22 जुलैला सहा वर्षांची शिक्षा झाली आणि गिरणगाव सहा दिवस बंद पडले. त्या संपात गोळ्या खाणारे कामगार आणि त्यांच्यासमोर उभे असलेले शिपाई पुष्कळदा एकाच रत्नागिरी जिल्ह्यातून, कधी एकाच तालुक्यातून आलेले असत. शिपायाचा पगार बेताचा, खोली कामगाराइतकीच कोंदट, आणि वरचा अधिकारी गोरा. पोलिसांच्या दडपशाहीविषयी लिहिताना या शिपायाला आपण बहुतेक वेळा वगळतो, पण शहराला न विचारणारी व्यवस्था त्यालाही काही विचारत नव्हती. ज्या सरकारने त्याच्या हाती लाठी दिली त्याच सरकारने 1902-03 मध्ये अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने देशातले पोलीस अकार्यक्षम आहेत आणि लोक त्यांना भ्रष्ट व जुलमी मानतात, असा निर्वाळा दिला होता.

स्वातंत्र्य आले. 15 ऑगस्ट 1947 रोजी जे. एस. भरुचा हे मुंबईचे पहिले भारतीय पोलीस आयुक्त झाले. कायदा मात्र 1902 चाच राहिला. त्यातल्या कलम 27 खालचा एक तडीपारीचा हुकूम 1952 साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि न्यायालयाने ते कलम घटनेच्या चौकटीत बसते असे ठरवले. साक्षीदार भीतीपोटी न्यायालयात उभे राहत नाहीत, म्हणून अशी तरतूद हवी, हे त्यामागचे मुख्य कारण होते. दरम्यान 1951 चा मुंबई पोलीस कायदा आला होता, आणि त्याच्या कलम 55 ते 57 मध्ये हाच अधिकार पुन्हा, आता शहरापुरता न राहता, मांडला गेला. हाच कायदा आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणून लागू आहे. तडीपारीच्या हुकुमावर अपील करायचे तर ते कलम 60 नुसार राज्य सरकारकडे. म्हणजे आयुक्तालयात पोलीस उपायुक्त हुकूम काढणार आणि त्याच्यावरचे गृहखाते तो तपासणार. उच्च न्यायालयाचे दार उघडे असते हे खरे, पण हातावर पोट असलेल्या माणसाने दोन वर्षांच्या हद्दपारीविरुद्ध रिट अर्ज करावा, अशी अपेक्षा कितपत वास्तव आहे? जालना जिल्ह्यातल्या एका प्रकरणात 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने तडीपारीचा हुकूम रद्द करताना, हा उपाय नेहमीचा नव्हे, अपवादात्मक परिस्थितीतच वापरायचा आहे, असे बजावले. निवडणुका किंवा गणेशोत्सव जवळ आला की तडीपारांच्या याद्यांच्या बातम्या येतात. त्या वाचताना अपवाद आणि नेम यांतला फरक शोधून सापडत नाही.

चॅप्टर केसचेही असेच आहे. शांतताभंग होईल म्हणून एखाद्याकडून चांगल्या वर्तणुकीचा बंधपत्र लिहून घ्यायचा, तर जिल्ह्यात पोलीस कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे बहुधा तहसीलदाराकडे, प्रस्ताव पाठवतात. आयुक्तालयात प्रस्ताव पाठवणारा पोलीस निरीक्षक आणि दंडाधिकारी म्हणून बसलेला सहायक आयुक्त हे एकाच खात्याचे, एकाच साखळीतले असतात. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने 10 लाखांपेक्षा जास्त वस्तीच्या महानगर क्षेत्रांचा वेगळा विचार केला होता. 2023 च्या नागरिक सुरक्षा संहितेने महानगर क्षेत्राची संकल्पना वगळली, पण पोलीस आयुक्ताला कार्यकारी दंडाधिकाऱ्याचे अधिकार देण्याची सोय कायम ठेवली. न्यायसंस्था कार्यकारी सत्तेपासून वेगळी करावी, असे आपल्या घटनेचा 50 वा अनुच्छेद सांगतो. मॅकिन्टॉशने दोनशे वर्षांपूर्वी ज्याकडे बोट दाखवले तीच गोष्ट आहे ही.

आयुक्तालयाच्या बाजूने जे बोलले जाते त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. दंगल पेटली असताना जमावबंदीच्या हुकुमासाठी जिल्हाधिकाऱ्याच्या सहीची वाट पाहणे धोक्याचे ठरते, एकाच माणसाकडे निर्णय असला तर जबाबदारीही निश्चित करता येते, हा युक्तिवाद अनुभवातून आलेला आहे. शिवाय जिल्हाधिकारी हा काही स्वतंत्र न्यायाधीश नव्हे; तोही त्याच सरकारचा नोकर आहे आणि वसाहतीच्या काळात त्याने पोलिसांना आवर घातल्याची उदाहरणे मोजकीच सापडतील. म्हणून आयुक्तालये मोडून सगळे पुन्हा जिल्हाधिकाऱ्याकडे द्या, असा आग्रह धरण्यात अर्थ नाही. परंतु वेगवान निर्णयाचा दावा मुंबईच्याच इतिहासावर घासून पाहिला तर तो दिसतो तितका चोख निघत नाही. ऑगस्ट 1893 च्या हिंदू-मुस्लिम दंगलीत आयुक्त होता, पूर्ण अधिकार होते, तरी सैन्य बोलवावे लागले आणि सुमारे 80 माणसे मेली. शंभर वर्षांनी, डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 च्या दंगलींत, 900 माणसे मेली. त्यांची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने 1998 साली दिलेल्या अहवालात पोलिसांच्या पक्षपाती वागण्यावर नेमके बोट ठेवले आणि काही अधिकाऱ्यांची नावेही घेतली. एकमुखी नेतृत्वाने जबाबदारी निश्चित होते असे म्हणणाऱ्यांनी त्या अहवालावर पुढे किती कारवाई झाली, याचे उत्तर द्यायला हवे. जबाबदारी निश्चित करायची तर ती विचारणारा कोणीतरी लागतो, आणि तो या व्यवस्थेत मुळापासूनच नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 22 सप्टेंबर 2006 रोजी पोलीस सुधारणांविषयीच्या प्रकाश सिंह खटल्यात सात निर्देश दिले तेव्हा ही पोकळी भरण्याची संधी आली होती. राज्य सुरक्षा आयोग, पोलीस तक्रार प्राधिकरण, अधिकाऱ्यांना निश्चित कालावधी, तपास आणि बंदोबस्ताची फारकत, हे त्यातले महत्त्वाचे. महाराष्ट्राने 2014 साली कायद्यात दुरुस्ती करून आयोग आणि प्राधिकरण कागदावर आणले, पण आयोगाच्या शिफारशी केवळ सल्ल्यापुरत्या ठेवल्या. ज्या सरकारला आवर घालायचा तेच सरकार सल्ला ऐकायचा की नाही हे ठरवणार! आणि या सगळ्या चर्चेत शहर नावाचे एकक पुन्हा हरवले. राज्य आणि पोलीस यांच्यातल्या संबंधांवर बोलणे झाले, मुंबईकर किंवा पुणेकर म्हणून माणसाचा पोलिसांशी जो रोजचा संबंध येतो त्यावर झाले नाही.

पोलीस दल महापालिकेच्या स्वाधीन करा, असे मी सुचवत नाही. ज्यांनी महापालिकेतले कंत्राटांचे कारभार जवळून पाहिले आहेत ते तर या कल्पनेनेच दचकतील, आणि लिव्हरपूलच्या वॉच कमिट्याही काही निष्कलंक नव्हत्या. पण हुकूम देणे आणि हिशेब मागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आयुक्ताने वर्षातून दोनदा महापालिकेच्या सभेपुढे यावे, किती तक्रारी आल्या व किती नोंदवल्या, किती माणसे तडीपार केली, किती चॅप्टर केस चालवल्या आणि कोठडीत काय घडले, याचा लेखी अहवाल पोलीस ठाण्यानिहाय मांडावा आणि प्रश्नांना उत्तरे द्यावीत, यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. राज्याच्या कायद्यात एक कलम पुरेल. तडीपारीचे अपील गृहखात्याऐवजी सत्र न्यायाधीशाकडे न्यावे आणि चॅप्टर केस न्यायदंडाधिकाऱ्याकडे सोपवाव्यात. यामुळे जमावबंदीचा हुकूम काढण्याच्या वेगाला कुठेच बाधा येत नाही, कारण तो अधिकार आयुक्ताकडेच राहतो. तक्रार प्राधिकरणाच्या शिफारशी फेटाळायच्या असतील तर सरकारने कारणे विधिमंडळात मांडावीत. पुढचे आयुक्तालय ज्या शहरासाठी जाहीर होईल, तिथल्या आमदारांनी आणि नगरसेवकांनी इमारत, गाड्या आणि मनुष्यबळ यांची मागणी करण्याआधी या तीन कलमांची मागणी करावी, आणि ती मिळेपर्यंत अधिसूचना थांबवायला सांगावी.